खुराक आणि घड्याळ

शहरातल्या कोणत्याही व्यायामशाळेत संध्याकाळी सात-साडेसातच्या सुमारास डोकावले असता एक दृश्य हमखास दिसते. शेवटचे वजन खाली ठेवल्याबरोबर, कपाळावरचा घाम पुसण्याचीही उसंत न घेता, पंचविशीतला एखादा तरुण पिशवीतून बाटली काढतो, तिच्यातली पांढरी भुकटी पाण्यात खळखळा हलवतो आणि घड्याळाकडे नजर ठेवून ती एका दमात रिकामी करतो. व्यायाम आटोपल्यापासून अर्ध्या तासाच्या आत प्रथिने पोटात गेली नाहीत तर तासाभराचे सगळे श्रम मातीमोल झाले, अशी त्याची पक्की समजूत असते. सकाळी चहा-बिस्किटांवर आपण घराबाहेर पडलो आणि दुपारी डब्यातल्या दोन पोळ्या व बटाट्याची भाजी एवढ्यावर भागवले, याचे मात्र त्याच तरुणाला काडीइतकेही वैषम्य वाटत नाही.

वेळेविषयी इतकी चिंता आणि मापाविषयी इतकी बेफिकिरी एकाच माणसाच्या ठिकाणी नांदावी, हे चमत्कारिक असले तरी आज सार्वत्रिक आहे. शरीर कमावू पाहणाऱ्याने काय खावे, किती खावे आणि केव्हा खावे, हे तीन प्रश्न असून त्यांपैकी तिसरा सर्वांत किरकोळ आहे. परंतु तो सर्वांत सोपा असल्यामुळे, आणि त्याच्या उत्तराबरोबर एखादी वस्तू विकता येत असल्यामुळे, त्याचाच बोलबाला अधिक झाला. या तिघांचा क्रम पुन्हा नीट लावावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रयोगशाळांचा काळ येण्याच्या पुष्कळ आधीपासून या प्रश्नांची उत्तरे निव्वळ अनुभवाच्या आधारे शोधण्याचे काम आपल्याकडे तालमींनी केले आहे. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत मल्लविद्येला जो राजाश्रय लाभला, त्यामुळे दूरदूरच्या मुलखांतले पैलवान करवीरच्या आश्रयास आले, दरबाराकडून त्यांच्या खुराकाची तजवीज झाली आणि १९१२ साली खासबागेचे विस्तीर्ण कुस्ती मैदान उभे राहिले. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींची नावे कुस्तीच्या शौकिनाला आजही सांगावी लागत नाहीत. या तालमींत पिढ्यानपिढ्या जो दिनक्रम चालत आला, त्यात आहाराला व्यायामाच्या बरोबरीचे स्थान होते. मेहनत किती करायची हे जसे वस्ताद ठरवी, तसे पठ्ठ्याने काय खायचे यावरही त्याचाच अंमल असे.

पहाटे, गाव झोपेत असतानाच, दिवस सुरू व्हायचा. उपाशीपोटी जोर, बैठका आणि सपाट्या मारायच्या, ताक, तेल व हळद घालून मळलेल्या लाल मातीच्या हौद्यात जोड धरायची, आणि उन्हे वर आली की अंगाची माती झाडून थंडाईकडे वळायचे. दुपारी चपाती-भाकरी, मटण, तूप असे भरपूर जेवण आणि त्यावर सक्तीची झोप. चारच्या सुमारास पुन्हा लंगोट कसून मेहनत. रात्री पुन्हा जेवण आणि निजण्यापूर्वी दूध. कोल्हापुरातल्या गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशी आणून गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून देण्याची आणि ते फेसाळ धारोष्ण दूध तिथल्या तिथे पिण्याची जी रीत आहे, ती याच संस्कृतीतली.

यांतली थंडाई जरा जवळून पाहण्यासारखी आहे. रात्री भिजत घातलेले बदाम सकाळी सोलून घ्यायचे आणि खसखस, बडीशेप, काळी मिरी, वेलदोडे यांसह कुंडीत घालून लाकडी सोट्याने घोटत बसायचे. मधूनमधून पाण्याचा हबका मारायचा, आणि चिमटीत धरून पाहिल्यावर बोटांना कण लागेनासा झाला म्हणजे तो लगदा दुधात कालवून, स्वच्छ फडक्यातून पिळून, खडीसाखर घालून लोटाभर प्यायचा. आता हाच लोटा आजच्या पोषणशास्त्राच्या कोष्टकात घालून पाहू. पन्नास ग्रॅम बदामांतून सुमारे १० ग्रॅम प्रथिने आणि जवळपास ३०० उष्मांक मिळतात. म्हशीच्या अर्धा लिटर दुधातून सुमारे १८ ग्रॅम प्रथिने आणि पाचशेच्या वर उष्मांक. म्हणजे एका लोट्यात अठ्ठावीसएक ग्रॅम प्रथिने आणि आठशेहून अधिक उष्मांक. व्यायामानंतरच्या एका खाण्यात वीस ते चाळीस ग्रॅम प्रथिने असावीत, असा सल्ला क्रीडापोषणाचे अभ्यासक आज देतात. तालमीच्या थंडाईने ती मर्यादा कोणताही तराजू न लावता गाठलेली दिसते.

तथापि या हिशेबाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. त्या आठशे उष्मांकांपैकी निम्म्याहून कितीतरी अधिक भाग स्निग्धांशाचा आहे. दिवसातून दोन वेळा मिळून चार-पाच तास घाम गाळणाऱ्या मल्लाला तो पचतो आणि पुरतोही. परंतु दिवसाचे आठ तास खुर्चीत काढून तासभर वजने उचलणाऱ्या कारकुनाने तोच लोटा रोज रिचवला, तर दंडाच्या आधी पोटाचा घेर वाढेल. मेहनत सुटली तरी खुराक न सोडणाऱ्या निवृत्त पैलवानांच्या देहाची जी अवस्था होते, ती सर्वांच्या परिचयाची आहे. तेव्हा तालमीकडून घ्यायचा तो पदार्थांचा अनुक्रम नव्हे. मेहनत, खुराक आणि विश्रांती यांचे एकमेकांशी बांधलेले प्रमाण तेवढे घ्यायचे.

युरोपातील शास्त्रज्ञांना हे प्रमाण उमगायला बराच काळ लागला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास युस्टुस फोन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाचा असा सिद्धांत होता की, स्नायू काम करतात ते स्वतःतली प्रथिने जाळून, आणि म्हणून श्रमिकाने मांसाहार भरपूर केला पाहिजे. लीबिगचा दबदबा असा होता की त्याच्याविरुद्ध बोलण्यास फारसे कोणी धजत नसे. पुढे १८६५ सालच्या ऑगस्टमध्ये आडोल्फ फिक आणि योहानेस विस्लिसेनुस या दोन प्राध्यापकांनी या सिद्धांताची परीक्षा स्वतःच्या पायांनी घ्यायचे ठरवले. स्टार्चच्या तळलेल्या वड्या आणि साखर घातलेला चहा, असे प्रथिनरहित अन्न खाऊन ते स्वित्झर्लंडमधील फाउलहॉर्न नावाचा पर्वत चढले; पायथ्याच्या सरोवरापासून शिखरापर्यंतची ती चढण जवळजवळ दोन हजार मीटरची होती. चढताना आणि चढून गेल्यावर गोळा केलेल्या मूत्रातील नायट्रोजन मोजून त्यांनी शरीरात किती प्रथिने जळली हे काढले, तेव्हा त्या प्रथिनांतून मिळणारी शक्ती दोघांचे देह शिखरावर नेण्यास मुळीच पुरेशी नव्हती, असे निष्पन्न झाले. श्रमाचे जळण पिष्टमय आणि स्निग्ध पदार्थ पुरवतात, ही गोष्ट त्या दिवसापासून प्रस्थापित होऊ लागली.

मग प्रथिनांचे कार्य कोणते? जर्मनीतून अमेरिकेत आलेला रुडॉल्फ शोएनहायमर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १९३० नंतरच्या दशकात याच शोधात गुंतला होता. नायट्रोजनच्या एका जड समस्थानिकाची खूण केलेले अमिनो आम्ल त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी उंदरांना खाऊ घातले. प्रौढ प्राण्याची शरीररचना एकदा पूर्ण झाली की आहारातील प्रथिने झीज भरण्यापुरती वापरली जाऊन बाकीची बाहेर टाकली जातात, असा तोवरचा समज होता. परंतु तीन दिवसांत त्या खुणेच्या नायट्रोजनापैकी अर्ध्याहून अधिक भाग उंदरांच्या शरीरातील प्रथिनांत सामावून गेल्याचे आढळले. स्थिर भासणारा देह वस्तुतः अखंड मोडला आणि घडवला जात असतो, हा त्या शोधाचा निष्कर्ष होता.

शरीराचा हा व्यवहार पेढीच्या रोजकीर्दीसारखा आहे. स्नायूंतील जुनी प्रथिने अहोरात्र मोडतात, ती खर्चाची बाजू. अन्नातून आलेल्या अमिनो आम्लांची नवी प्रथिने बांधली जातात, ती जमेची. रात्रभराच्या लंघनात खर्च अधिक होतो, जेवणानंतर जमा अधिक होते, आणि सामान्य माणसाच्या बाबतीत दिवसाअखेर दोन्ही बाजू जुळून शिल्लक होती तेवढीच राहते. ही शिल्लक वाढवायची तर नुसती आवक वाढवून भागत नाही, कारण जादा आलेली अमिनो आम्ले साठवून ठेवण्याची स्वतंत्र सोय शरीरापाशी नाही. ती जाळली जातात किंवा त्यांचे रूपांतर होते. वजने उचलणे, जोर काढणे अशा प्रतिकाराच्या व्यायामाने स्नायूंवर ताण येतो, तेव्हाच नवी बांधणी करण्याची निकड निर्माण होते. आणि ही निकड तास-अर्ध्या तासात न ओसरता चोवीस तास, किंबहुना नवशिक्याच्या ठायी अठ्ठेचाळीस तासांपर्यंत टिकून राहते. ही एकच गोष्ट नीट ध्यानात धरली, तरी घड्याळाविषयीची अर्धी भीती नाहीशी व्हावी.

आता मापाकडे वळू. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० साली प्रौढ माणसाची प्रथिनांची शिफारस दर किलो वजनामागे दररोज ०.८३ ग्रॅम अशी ठरवली आहे. ती सर्वसाधारण आरोग्यासाठी आहे. स्नायू वाढवण्याच्या उद्देशाने नियमित व्यायाम करणाऱ्याची गरज याहून मोठी असते. ती किती मोठी, याचा शोध घेण्यासाठी २०१८ साली ४९ वेगवेगळ्या अभ्यासांतील १,८६३ व्यक्तींच्या माहितीचे एकत्र विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यावरून असे दिसले की, दर किलोमागे सुमारे १.६ ग्रॅमपर्यंत प्रथिने वाढवत नेली तर स्नायूंच्या वाढीस हातभार लागतो, आणि त्यापुढे सरासरीने फारसा फायदा होत नाही. त्याच विश्लेषणाने आणखी एक गोष्ट दाखवली, जी प्रथिनांचे विक्रेते सहसा सांगत नाहीत: शक्ती आणि स्नायू यांच्या वाढीचा मोठा वाटा व्यायामाचाच होता, आणि जादा प्रथिनांची भर त्या मानाने लहान होती.

खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी येथे स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिले, ते ५७ किलोपर्यंतच्या बँटम गटात. कराडजवळच्या गोळेश्वरात जन्मलेल्या आणि कोल्हापुरात कुस्ती घोटवलेल्या या मल्लाच्या वजनाचा माणूस घेतला, तर वरच्या प्रमाणाने त्याला दिवसाला नव्वद ग्रॅमच्या आसपास प्रथिने पुरतात. पैलवान म्हटला की घागरभर दूध आणि डझनावारी अंडी, अशी जी आपली कल्पना असते, तिच्या मानाने हा आकडा बराच बेताचा आहे.

मात्र प्रथिनांच्या आकड्यावर नजर खिळवून एकूण अन्न अपुरे ठेवले, तर सारा डाव फसतो. उष्मांकांची तूट पडली की शरीर अमिनो आम्लेही जळण म्हणून खर्ची घालते, आणि डाळ-अंडी दंडापर्यंत पोचण्याआधीच संपतात. म्हणून वजन वाढवू इच्छिणाऱ्या कृश तरुणाने रोजच्या गरजेहून तीनशे ते पाचशे उष्मांक अधिक घ्यावेत, दर आठवड्याला सकाळी उपाशीपोटी वजन करावे, आणि ते पाव किलोच्या आसपास वाढते आहे की नाही एवढे पाहावे. याहून झपाट्याने वाढत असेल तर ती वाढ बहुतांशी चरबीची समजावी. भाकरी, पोळी, भात, केळे, रताळे यांतून मिळणारी कर्बोदके स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपाने साठतात, आणि जड व्यायामाचे मुख्य इंधन तेच असते. ‘भात सोडला, आता शरीर बनणार’ असे म्हणणारा तरुण नेमके तेच इंधन नाकारीत असतो.

प्रथिनांच्या गुणवत्तेचा प्रश्न आपल्या शाकाहारी वाचकांना विशेष सतावतो. दूध, अंडी, मासे, मांस यांतील प्रथिनांत सर्व आवश्यक अमिनो आम्ले भरपूर प्रमाणात असतात. धान्यांत लायसिन कमी पडते, कडधान्यांत मेथिओनिन कमी पडते. परंतु एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत असल्यामुळे वरण-भात, भाकरी-पिठले, उसळ-पोळी या आपल्या जोड्या शास्त्राच्या कसोटीस उतरतात. अडचण वेगळ्याच ठिकाणी आहे. वरण पातळ असते. चौघांच्या कुटुंबात वाटीभर तूरडाळ शिजते आणि ती ताटात येईपर्यंत तिच्यात पाणीच अधिक असते, तेव्हा माणशी पाच-सहा ग्रॅमांहून जास्त प्रथिने त्यातून मिळत नाहीत. शाकाहारी माणसाने म्हणून डाळ घट्ट करावी, उसळीचे माप दुप्पट करावे, दही-ताक-पनीर यांचा नेम ठेवावा, आणि सोयाबीनविषयीचा आकस सोडावा, कारण शंभर ग्रॅम सोयाबीनमध्ये पस्तीस ग्रॅमांहून अधिक प्रथिने असून ती दर्जाने दुधाच्या जवळपास पोचतात.

एवढे झाल्यावर घड्याळाचा विचार करणे सयुक्तिक ठरते. व्यायामानंतर लगेच प्रथिने घेतलीच पाहिजेत, या समजुतीचा उगम सर्वस्वी खोटा नाही. व्यायामाने स्नायू अमिनो आम्लांसाठी अधिक आतुर होतात, हे खरेच आहे, आणि काही प्रारंभीच्या प्रयोगांत लगेच खाणाऱ्यांना अधिक लाभ झालेला दिसला होता. परंतु त्यांतल्या पुष्कळ प्रयोगांत लगेच खाणाऱ्या गटाला दिवसाअखेर मिळालेली एकूण प्रथिनेच अधिक होती. २०१३ साली ब्रॅड शोएनफेल्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अशा अभ्यासांची छाननी करून एकूण प्रथिनांचा परिणाम बाजूला काढला, तेव्हा वेळेचा म्हणून जो गुण सांगितला जात होता तो जवळजवळ नाहीसा झाला.

यावरून वेळेला काहीच अर्थ नाही, असा निष्कर्ष काढणे मात्र उतावीळपणाचे होईल. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात झालेल्या एका प्रयोगात व्यायामानंतरच्या बारा तासांत ८० ग्रॅम प्रथिने तीन पद्धतींनी देण्यात आली: दर दीड तासाने १० ग्रॅम, दर तीन तासांनी २० ग्रॅम, किंवा सहा तासांच्या अंतराने ४० ग्रॅम. यांपैकी मधल्या पद्धतीने स्नायूंची बांधणी सर्वाधिक झाली. नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट येथे २०१२ साली असे दिसले की, संध्याकाळच्या व्यायामानंतर निजण्यापूर्वी ४० ग्रॅम केसीन, म्हणजे दुधातले सावकाश पचणारे प्रथिन, घेतले असता रात्रभर बांधणी वाढलेली राहते. तालमीतल्या रात्रीच्या दुधाला लाभलेला हा उशिराचा दाखला म्हणावा. याच मास्ट्रिख्टच्या संशोधकांनी २०२३ साली एका बैठकीत १०० ग्रॅम प्रथिने देऊन पाहिली, तेव्हा ती वाया न जाता बारा तासांहून अधिक काळ उपयोगात येत राहिली. एका वेळी तीस ग्रॅमांपेक्षा अधिक प्रथिने शरीर घेऊच शकत नाही, ही व्यायामशाळांतून फिरणारी दंतकथा त्या प्रयोगाने निकालात काढली.

या सर्वांचा मेळ घालता व्यवहारात उपयोगी पडणारा नियम असा निघतो की, दिवसाच्या एकूण प्रथिनांचे चार वाटे करावेत आणि प्रत्येक खाण्यात दर किलो वजनामागे ०.४ ग्रॅम पडतील असे पाहावे. साठ किलोच्या माणसाच्या बाबतीत हा वाटा २४ ग्रॅमांचा, आणि चार वाट्यांची बेरीज ९६ ग्रॅम, म्हणजे पूर्वी सांगितलेल्या १.६ ग्रॅमांच्या हिशेबाशी ती तंतोतंत जुळते. एखादा वाटा लहान झाला आणि दुसरा मोठा झाला, तर काही अनर्थ ओढवत नाही.

व्यायामाच्या आगेमागे खाण्याचे तारतम्य त्या त्या माणसाच्या दिनक्रमावर अवलंबून राहते. पूर्ण जेवण व्यायामाच्या दोन-तीन तास आधी उरकलेले असावे. तेवढा अवधी नसेल तर अर्धा-पाऊण तास आधी एखादे केळे किंवा मूठभर चुरमुरे-फुटाणे घ्यावेत, पण तळलेले आणि तुपातले टाळावे, कारण स्निग्ध पदार्थ पोटात बराच वेळ रेंगाळतात. ज्याने चार-पाचच्या सुमारास नीट खाल्ले आहे, त्याच्या रक्तात व्यायाम संपल्यावरही अमिनो आम्लांचा पुरवठा चालू असतो. त्याने सावकाश घरी जावे, आंघोळ करावी आणि साडेआठला जेवावे, काही बिघडत नाही. याउलट पहाटे उपाशीपोटी मेहनत करणाऱ्याच्या बाबतीत आदल्या रात्रीच्या जेवणाला नऊ-दहा तास उलटलेले असतात, खर्चाची बाजू वरचढ झालेली असते, आणि त्याने मात्र विलंब न लावता खाणे हितावह आहे. तालमीत सकाळच्या कुस्तीमागोमाग थंडाई येई, ती या न्यायाने अगदी योग्य वेळी येई. मेहनतीची वेळ निराळी असणाऱ्याने तिची नक्कल करण्याचे प्रयोजन नाही.

एका साध्या मराठी घरात ही ९६ ग्रॅम प्रथिने कशी बसतात, ते पाहू. सकाळी शेंगदाणे सढळ हाताने घातलेले कांदेपोहे, दोन उकडलेली अंडी आणि कपभर दूध मिळून सुमारे २५ ग्रॅम होतात. दुपारी ज्वारीच्या दोन भाकऱ्या, पन्नास ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ आणि वाटीभर दही यांतून सत्तावीसएक ग्रॅम पडतात. संध्याकाळी व्यायामापूर्वी केळे आणि दोन मुठी फुटाणे, व्यायामानंतर पेलाभर दूध, यांचे १७ ग्रॅम. रात्री दोन पोळ्या, वरण आणि शंभर ग्रॅम पनीर, अथवा तेवढाच बांगडा किंवा कोंबडी, यांतून २८ ग्रॅमांच्या आसपास. बेरीज ९७. अंडी न खाणाऱ्याने पोह्यांऐवजी मुगाचे धिरडे आणि दही घ्यावे, आणि पनीर परवडत नसेल त्याने सोयाबीनच्या वड्यांचा रस्सा करावा. हिशेब तोच राहतो. या यादीत वाण्याच्या दुकानात मिळणार नाही असे जवळपास काहीच नाही.

आपल्या घरांत हा हिशेब बिघडतो तो बहुधा सकाळी. चहा आणि चार बिस्किटे, अथवा चहाबरोबर चार टोस्ट, यांत जेमतेम चार-पाच ग्रॅम प्रथिने असतात. रात्रीच्या लंघनानंतर स्नायूंना जेव्हा अमिनो आम्लांची गरज सर्वाधिक भासते, तेव्हाच आपण त्यांना रिकाम्या हाती परत पाठवतो. उपासाच्या दिवशी हीच त्रुटी दुणावते. साबुदाण्यात प्रथिने औषधालाही सापडत नाहीत. एकादशी पाळणाऱ्या व्यायामपटूने त्या दिवशी राजगिरा, शेंगदाणे, दूध आणि दही यांवर भर द्यावा. रमजानच्या महिन्यात रोजे धरणाऱ्याने इफ्तार, रात्रीचे जेवण आणि सहेरी अशा तीन वेळांत दिवसाचे माप पूर्ण करावे, आणि जड व्यायाम शक्यतो इफ्तारनंतर ठेवावा.

हा विषय केवळ तरुणांचा आहे असेही मानू नये. उतारवयात स्नायू झिजतात आणि अन्नातल्या प्रथिनांना ते पूर्वीइतक्या तत्परतेने प्रतिसाद देत नाहीत, त्यामुळे थोड्या प्रथिनांनी जे काम विशीत होते त्याला साठीत अधिक प्रथिने लागतात. अशा वयात माणसे ‘आता भूक राहिली नाही’ म्हणून रात्री दूध-भातावर येतात, आणि मग जिना चढताना कठड्याला धरावे लागते. घरातल्या ज्येष्ठांच्या ताटात अंडे, घट्ट वरण किंवा पनीर वाढणे आणि त्यांना झेपेल असा प्रतिकाराचा व्यायाम शिकवणे, हे त्यांच्या स्वावलंबनाच्या दृष्टीने औषधाइतके मोलाचे आहे.

राहता राहिला भुकटीचा डबा. पनीर अथवा चीज करताना जे हिरवट पाणी निथळते, त्यातली प्रथिने वेगळी काढून वाळवली की व्हे प्रोटीन तयार होते. त्यात जादू नाही आणि विषही नाही. ज्याला नोकरीच्या धावपळीत जेवणाची सोय होत नाही त्याला ते सोयीचे पडते, परंतु हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ सालच्या आपल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत शरीर कमावण्यासाठी असल्या पूरकांच्या आहारी जाऊ नये, असेच बजावले आहे. क्रिएटीन हे एक पूरक मात्र अनेक अभ्यासांच्या कसोटीस उतरलेले असून दिवसाला तीन ते पाच ग्रॅम एवढी त्याची मात्रा पुरते. व्यायामशाळेच्या कोपऱ्यात कुजबुजत विकल्या जाणाऱ्या गोळ्या आणि इंजेक्शने यांचा आहाराशी काडीमात्र संबंध नाही. ती संप्रेरके असतात, आणि यकृत, हृदय व प्रजननक्षमता यांची किंमत देऊन ती देह फुगवतात. मूत्रपिंडाचा विकार असलेल्याने प्रथिने वाढवण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला घेतलाच पाहिजे. निरोगी माणसाला येथे सांगितलेल्या मापाने अपाय झाल्याचे आढळलेले नाही.

तेव्हा महत्त्वाचा क्रम लावायचाच झाला, तर आठवड्यातून तीन-चार वेळा चढत्या वजनाने केलेला व्यायाम अग्रभागी येतो. त्याच्यामागे पोटभर अन्न आणि सात-आठ तासांची झोप. त्यांच्यामागे दिवसाची एकूण प्रथिने. मग त्यांची चार वेळांत विभागणी. आणि घड्याळ व डबा या दोघांचा नंबर सर्वांत शेवटी लागतो. ज्याला उद्यापासून प्रारंभ करायचा असेल त्याने दुकानात न जाता एक वही घ्यावी, आठ दिवस आपण काय काय खातो ते मापासह प्रामाणिकपणे लिहावे आणि प्रथिनांची बेरीज करावी. बहुतेकांच्या वहीत तूट सकाळच्या रकान्यातच सापडेल. ती भरून काढायला दोन अंडी किंवा वाटीभर उसळ पुरे, आणि ती आठला खाल्ली काय नि साडेआठला खाल्ली काय, दंडाच्या मापात फरक पडायचा नाही.